जुलाब थांबत नाहीत? बाटली बदलू नका, कारण शोधा

आठ महिन्यांचे बाळ. सोळा दिवस झाले, तरी दिवसातून सात-आठ वेळा पातळ शी होतेच आहे. ''दात येताहेत गं, होतंच असं,'' सासूबाई धीर देतात. डॉक्टरांनी दिलेले औषध पाच दिवसांत संपले. मग कोपऱ्यावरच्या केमिस्टने ''जरा स्ट्राँग'' म्हणून दुसरी बाटली दिली. आता शेजारीण तिसऱ्या औषधाचे नाव सुचवते आहे. दरम्यान बाळाचा मऊ भात बंद झाला, अंगावरचे दूधही कमी केले गेले. लंगोट बदलून बदलून आई थकली आहे आणि बाळाच्या मांड्यांवरच्या गुटगुटीत वळ्या नाहीशा झाल्या आहेत.

असे घर कानपूरला असेल, इंदूरला असेल, नाही तर नागपूरला. चूक सगळीकडे एकच होते. औषध बदलले जाते, पण कारण शोधले जात नाही.

चौदा दिवसांची रेघ

साधे जुलाब बहुधा आठवडाभरात थांबतात. चौदा दिवस किंवा त्याहून अधिक काळ चालले, तर डॉक्टर त्यांना चिवट अतिसार म्हणतात. मात्र फक्त अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाला दिवसातून अनेकदा पातळसर शी होणे हा आजार नव्हे. बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल, तर काळजीचे कारण नाही. आणि दात येण्यामुळे पंधरा-पंधरा दिवस जुलाब होत नाहीत, हेही आजीबाईंना समजावून सांगायला हवे.

अँटिबायोटिकने काय साधते?

लहान मुलांचे बरेचसे जुलाब रोटाव्हायरससारख्या विषाणूंमुळे होतात. अँटिबायोटिक जंतूंवर चालते, विषाणूंवर नाही. उलट आतड्यातले उपयोगी जंतूही त्याने मरतात आणि काही बाळांचे जुलाब त्यामुळेच लांबतात. पुन्हा पुन्हा विनाकारण दिलेल्या औषधांना जंतू सरावतात. मग खरी गरज पडते, तेव्हा औषध लागू पडत नाही.

मग अँटिबायोटिक कधीच द्यायचे नाही का? तसेही नाही. शीमध्ये रक्त पडत असेल, पटकीची शंका असेल, बाळाला न्यूमोनिया, लघवीच्या मार्गाचा किंवा दुसरा एखादा जंतुसंसर्ग झाला असेल, तर ते द्यावेच लागते. पण हे तपासून डॉक्टरांनी ठरवायचे आणि सांगितलेले दिवस पुरे करायचे. जुलाब 'बांधणारी' मोठ्यांची गोळी चुरून बाळाला देणे तर धोक्याचेच.

उपाशी ठेवू नका

आपल्या आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते. अन्न तिथे शोषले जाते. आजारात ही लव झिजते आणि ती भरून यायला पोषण लागते. बाळाला उपाशी ठेवले, तर लव भरत नाही. अन्न पचत नाही, पुन्हा जुलाब होतात, वजन आणखी घटते. चिवट अतिसाराचे हेच दुष्टचक्र आहे.

म्हणून अंगावरचे दूध थांबवू नये, उलट अधिक वेळा पाजावे. सहा महिन्यांवरील बाळाला मऊ भात, मुगाची खिचडी, कुस्करलेले केळे थोडे थोडे, पण वारंवार द्यावे, खिचडीत चमचाभर तेल घालावे. झिजलेल्या आतड्याला वरच्या दुधातली साखर काही दिवस पचत नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते दूध कमी करून दहीभात देता येतो.

मीठ-साखरेची जादू

१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी तोंडाने द्यायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. आजचे ओआरएस म्हणजे तेच पाणी. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ते कालवावे आणि २४ तासांत संपवावे. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली, तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. डब्यातले गोड सरबत म्हणजे ओआरएस नव्हे.

जोडीला झिंक हवे. सहा महिन्यांखालील बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यावरच्या मुलाला २०, असे चौदा दिवस. जुलाब थांबले तरी ते मध्येच सोडू नये.

ताबडतोब दवाखाना गाठा

• बाळ सहा महिन्यांहून लहान असून जुलाब चौदा दिवस चालले असतील
• शीमध्ये रक्त दिसत असेल
• डोळे किंवा टाळू खोल गेली असेल, लघवी कमी होत असेल
• बाळ मलूल असेल, पीत नसेल, सारखे ओकत असेल
• ताप किंवा धाप असेल, वजन घटत असेल

रोटाव्हायरसची लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना ती चुकवू नये. दूध पाजायची बाटली टाळून वाटी-चमचा वापरावा, हात साबणाने धुवावेत.

सोळा दिवसांच्या त्या बाळाला आता तिसरी बाटली नको आहे. त्याला डॉक्टरांची नीट तपासणी हवी, वजनकाट्यावर एक नजर हवी आणि आईचे दूध हवे.