गणिताच्या सराव प्रश्नपत्रिकांचा लाभ किती?
कोलकाता - माध्यमिक परीक्षा जवळ आली की दहावीच्या विद्यार्थ्यांच्या हाती निखिल बंग शिक्षक समितीचा ‘टेस्ट पेपर्स’ हा प्रश्नपत्रिकांचा जाडजूड संग्रह दिसतो. गणिताच्या ९० गुणांच्या लेखी परीक्षेसाठी त्याचा मुख्य लाभ प्रश्नांच्या सरमिसळीत आहे. प्रकरणवार सरावात सूत्र आधीच ठाऊक असते. परीक्षेत ते ओळखावे लागते.

अमेरिकेतील रोहरर व टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, घनफळाची एकाच प्रकारची उदाहरणे सलग सोडविणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरे बरोबर आली. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र अवघी २० टक्के. मिश्र उदाहरणे सोडविणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ६० व ६३ टक्के होते. सरावात त्यांना प्रत्येक उदाहरणानंतर योग्य उत्तर दाखविले जात होते. उत्तरे न तपासता केवळ पाने संपविण्याला हा निष्कर्ष लागू पडत नाही.