पान्हा

गाईची धार काढण्यापूर्वीं गवळी वासरूं सोडतो. वासरानें कासेस दोन ढुशा दिल्या, कीं गाय पान्हा घालते. परंतु एखाद्या दिवशीं गोठ्यांत कुत्रें शिरलें, तर तीच गाय पान्हा चोरते. कास भरलेली असते. दूध मात्र उतरत नाहीं. १९४१ सालीं एली व पीटरसन ह्या अमेरिकेंतील संशोधकांनीं ह्याचें मर्म उलगडलें. गाईस दचकविलें म्हणजे पान्हा थांबतो, आणि ॲड्रिनॅलिन टोंचलें तरीहि तसेंच होतें, असें त्यांस आढळलें.

मातेच्या शरीरांतील व्यवस्थाहि अशीच आहे. मूल अंगावर पिऊं लागलें, कीं स्तनाग्रांतील ज्ञानतंतु ती वार्ता मेंदूच्या तळाशीं असलेल्या हायपोथॅलॅमसकडे पोंचवितात. त्याखालीं वाटाण्याएवढी पिट्युइटरी ग्रंथि असते. तिच्यांतून दोन अंतःस्राव, म्हणजेच हॉर्मोन, थेट रक्तांत मिसळतात. प्रोलॅक्टिनमुळें दूध तयार होतें. ऑक्सिटोसिनमुळें दुग्धपिंडांभोंवतालचे सूक्ष्म तंतु आवळले जाऊन तें बाहेर येतें. निरोप जातो ज्ञानतंतूंच्या वाटेनें, उत्तर येतें रक्ताच्या वाटेनें. आणि सुमारें मिनिटाभरांत पान्हा फुटतो. ऑक्सिटोसिन गर्भाशयहि आवळतें. म्हणून पहिल्या दिवसांत पाजतांना बाळंतिणीच्या पोटांत कळ येते. ती कळ हितकारकच असते.

आतां घरोघरचा अनुभव पाहावा. 'हिला दूध पुरत नाहीं' असा शब्द बाळंतिणीच्या कानीं पडतो. ती धास्तावते, पान्हा अडतो, मूल रडतें, आणि बाटली येते. बाटलीनें पोट भरलें म्हणजे मूल अंगावर कमी ओढतें. ओढ कमी झाली म्हणजे दूधहि कमी होतें. अशा रीतीनें खोटा बोल खरा ठरतो! १९४८ सालीं न्यूटन दांपत्यानें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाजणाऱ्या मातेचें चित्त मुद्दाम विचलित केलें, तेव्हां मुलास दूध कमी मिळालें. ऑक्सिटोसिन टोंचतांच तें बहुतांशीं भरून निघालें. दूध होतेंच, तें अडलें होतें.

मुलाच्या ह्याच ओढीमुळें बीजकोशास मिळणारी चालना मंदावते व पाळी लांबते. मूल ६ महिन्यांच्या आंतील असावें, रात्रंदिवस केवळ अंगावरच पीत असावें आणि पाळी आलेली नसावी. ह्या तिन्ही अटी पाळल्या गेल्यास गर्भ राहण्याचा संभव शेंकडा २ च्या आसपासच असतो. एक अट मोडली, कीं हा भरंवसा संपला; कारण पहिल्या पाळीपूर्वींहि बीज सुटूं शकतें.

मुलाचें वजन वाढत नसेल किंवा लघवी कमी होत असेल, तर डॉक्टरांस अवश्य दाखवावें. एरव्हीं जन्मानंतर तासाभराच्या आंत मूल छातीशीं द्यावें, मागेल तेव्हां पाजूं द्यावें, आणि बाळंतिणीचें मन निर्धास्त ठेवावें. गोठ्यांतील कुत्रें हाकलणारा गवळी जें जाणतो, तें माजघरांतील माणसांनींहि जाणलें पाहिजे.