बुद्धिबळाच्या डावाचा आरंभ

तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात आजोबा व नातू पट मांडून बसले, की पहिल्याच खेळीला वाद उद्भवण्याचा संभव असतो. जुन्या देशी पद्धतीत प्यादे आरंभी एकच घर सरके. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ते दोन घरे जाऊ शकते. एवढ्याशा फरकाने आरंभाचे सारे शास्त्र पालटले. देशी डावात सैन्य सावकाश सजे. नव्या डावात तिसऱ्या-चौथ्या खेळीलाच फौजा भिडतात. म्हणून डावाची सुरुवात कशी करावी, हा शिकाऊ खेळाडूपुढील पहिला प्रश्न होय.

पुष्कळ मुले थोरामोठ्यांचे डाव पाहून पंधरा-वीस खेळ्या मुखोद्गत करतात. प्रतिपक्षाने तिसरीच खेळी निराळी केली, की त्यांचे पाठांतर संपते. खेळी ठाऊक असते, हेतू ठाऊक नसतो. असे दोन-चार पराभव पदरी आले, म्हणजे मुलगा स्वतःला मंदबुद्धी समजून पट मिटवतो. वस्तुतः दोष बुद्धीचा नसून निवडीचा असतो.

नवशिक्याने तीनच गोष्टी साधाव्यात: पटाच्या मध्यातील चार घरांवर ताबा, घोडे व उंट लवकर बाहेर काढणे आणि किल्लेकोट करून राजाला सुरक्षित ठेवणे. यासाठी इटालियन डाव उत्तम. दोन्ही राजांपुढील प्यादी दोन घरे सरकतात. पांढऱ्याचा घोडा काळ्या प्याद्यावर जोर लावतो व काळ्याचा घोडा ते राखतो. मग पांढऱ्याचा उंट काळ्या उंटापुढील प्याद्यावर नेम धरतो. कारण त्या प्याद्याला राजावाचून दुसरा आधार नसतो. येथे प्रत्येक खेळीचे कारण डोळ्यांना दिसते. मात्र चार खेळ्यांत मात करण्याच्या मोहाने वजीर घाईने बाहेर काढू नये. जाणता प्रतिस्पर्धी त्याला पळवीत स्वतःची मोहरी पुढे आणतो.

मध्यम खेळाडूने स्पॅनिश डावाकडे वळावे. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने १५६१ च्या आपल्या ग्रंथात त्याची चर्चा केली आहे. यात उंट प्याद्याच्या रक्षक घोड्यावर दबाव आणतो. फळ उशिरा मिळते, म्हणून धीर हवा.

किंग्ज इंडियन बचाव मात्र मुरलेल्या खेळाडूसाठी. यात काळा मध्यभाग प्रतिपक्षाला देऊन नंतर त्यावर उलटतो. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याचे मोहेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रेन याच्याविरुद्ध अशा रचना खेळत. त्यांच्यामागे देशी खेळाचा दांडगा अनुभव होता. तो नसता नवशिका स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडला जातो.

तथापि आरंभ म्हणजे सर्वस्व नव्हे. पंजाबचा मीर सुलतान खान देशी पद्धतीत वाढलेला; आरंभाच्या ज्ञानात तो युरोपीय खेळाडूंहून उणा होता. तरीही मधल्या व अखेरच्या खेळाच्या बळावर त्याने १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरविले.

बुऱ्हाणपूर हे मागांचे गाव. साधे कापड नीट विणता आल्यावाचून नक्षीच्या काठाला हात घालू नये, हे तेथे कोणास सांगावे लागत नाही. डाव संपल्यावर आपल्या पहिल्या दहा खेळ्यांचे कारण ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येते, त्यानेच पुढचा डाव शिकावा.