गळाचा दिवस आणि पाण्याची वही



हंगाम संपला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी गेल्या, खोडव्याचं पाचट सरीत दाबून झालं, की आपल्या माणसाला चार दिवस उसंत मिळते. त्या उसंतीत लग्नं असतात, जत्रा असतात; आणि घरातली तरणी पोरं खिशात नायलॉनचा दोरा अन् डब्यात गांडुळं घेऊन धरणाच्या फुगवट्याकडे कधी पसार होतात ते कळत नाही. लागण, खत आणि उतारा हे आपल्या पत्रिकेचे नेहमीचे विषय. या वेळी आम्ही मुद्दाम या पोरांच्या विषयाला हात घालीत आहोत. माळकरी सभासदांनी पान उलटू नये. यात मासा खायचा नाही, सोडायचा आहे.

देशात आणि परदेशात ठिकठिकाणी उन्हाळ्यात तलावावर 'गळाचा दिवस' भरवतात. पैसे भरून परवाना घ्यायचा, सोबत तिथलाच एखादा जाणता वाटाड्या घ्यायचा, पहाटेपासून गळ टाकून बसायचं आणि मिळालेला मासा बहुधा परत पाण्यात सोडायचा. मुंबईच्या पवई तलावावर अशा हौशी मंडळींची संस्था कित्येक वर्षांपासून आहे. मासा सोडायचाच, तर धरायचा कशाला, असं कोणीही विचारील. आम्हालाही आधी तो रिकामटेकड्यांचा उद्योग वाटला. पण माहिती घेत गेलो तसं दिसलं, की या खेळातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत: वाटाड्या, सोडलेला मासा आणि वही.

वाटाड्या कशाला?

वरून पाहिलं तर तलावाचं पाणी सगळीकडे सारखं दिसतं, पण खाली ते सारखं नसतं. जुन्या नदीचं पात्र, बुडालेला ओढा, शेताचा बांध, पडकी विहीर, वाड्याचा चौथरा, हे सगळं पाण्याखाली जागच्या जागी असतं, आणि मासा त्याच्याच आश्रयाने राहतो. उजनीचंच बघा. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं आणि इंदापूर, करमाळा, दौंड भागातली गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं म्हणजे पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं अन् लोक ते बघायला जातात. आता सांगा, असल्या तळाचा नकाशा कोणाच्या डोक्यात असणार? ज्याची जमीन तिथे गेली त्याच्या, आणि जो रोज तिथे जाळं टाकतो त्याच्या. 'इथे आमची मोट चालायची, इथे अजून दगडी थारोळं आहे,' असं सांगणारा म्हातारा हा खरा वाटाड्या. शहरातला गळवाला पैसे मोजतो ते या माहितीसाठी. जमीन गेली तरी जमिनीची ओळख अजून रोजगार देऊ शकते, ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही.

वाटाड्या वेळही ठरवतो. उन्हाळ्यात पहाटे आणि दिवस मावळताना मासा काठाला येतो, दुपारी खोल जातो. आमिषही माशागणिक वेगळं असतं. रोहू-मृगळाला कणकेचा गोळा, भुईमुगाची पेंड, कोंडा. मरळीला जिवंत काहीतरी हलतं लागतं. दोऱ्याला मोराच्या पिसाचा दांडा बांधतात, तो पाण्यावर उभा राहतो. नवखा माणूस दांडा नुसता हलला की झटका देतो आणि मासा घालवतो. जाणता माणूस दांडा बुडून सरकू लागेपर्यंत थांबतो.

सोडायचा तो जगला पाहिजे

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तीस अंशांवर तो साडेसातपर्यंत उतरतो. म्हणजे ज्या दिवसांत माशाला दम जास्त लागतो, नेमका त्याच दिवसांत हवेचा तुटवडा असतो. अशा पाण्यात मासा दोऱ्यावर उगाच खेळवत ठेवला, तर सोडल्यावर तो पोहत गेलेला दिसतो आणि नंतर कुठेतरी मरतो. म्हणून चांगल्या वाटाड्याचे नियम कडक असतात. गळाच्या आकड्याचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकायचा. हात ओले केल्याशिवाय माशाला लावायचे नाहीत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे रोग धरतो. जबड्याला धरून लोंबकळवायचा नाही. फोटो काढायचाच तर आपल्याला श्वास कोंडता येईल तेवढ्या वेळात काढायचा. शेवटी त्याला पाण्यातच दोन्ही हातांनी सरळ धरायचं आणि तो आपल्या बळाने निघाला की सोडायचं. ऐन दुपारी पाणी फार तापलं तर गळ गुंडाळून झाडाखाली बसायचं. हौसेला मर्यादा असली तरच हौस शोभते.

कावेरीकाठची वही

आता तिसरी गोष्ट, वही. यासाठी थोडं लांब, कर्नाटकात जावं लागेल. तिथे तलाव नाही, नदी आहे. पण खेळ हाच, आणि धडा आपल्या तलावांनाही लागू पडणारा आहे.

कावेरीच्या काठी भीमेश्वरी, गलिबोरे, दोड्डमक्कळी इथे गळाची शिबिरं चालत. पाणी उतरलं की देशोदेशीचे लोक येत, ते महसीर माशासाठी. काठावरच्या गावांतली माणसं वाटाडे होती. वेताच्या गोल होडीतून ती पाहुण्याला डोहावर नेत आणि आमिष म्हणून नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा लावीत. याच खोऱ्यात, कबिनी नदीत, १९४६ साली १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोंचा महसीर गळाला लागला होता. सोनेरी खवल्यांचा आणि पाठीला उंचवटा असलेला हा कावेरीचा स्वतःचा मासा.

शिबिरात मासा धरला की तोलायचा, वहीत लिहायचा आणि सोडायचा. वर्षानुवर्षं हे चाललं. पुढे अभ्यासकांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी मांडल्या. २३,६२० तास गळ टाकून ६,१६१ महसीर मिळाले होते. म्हणजे एका माशामागे जवळजवळ चार तास. त्यांत सगळ्यांत मोठा जवळपास ४७ किलोंचा होता. पण आकडे ओळीने लावले तेव्हा वेगळंच दिसलं. माशांची संख्या वाढत होती आणि वजन घटत होतं. शिवाय वाढत होता तो निळसर परांचा महसीर. उंच पाठीचा मूळचा मासा दरवर्षी कमी होत चालला होता. उसाच्या भाषेत सांगायचं, तर फुटवे वाढले, पण कांडीला वजन राहिलं नाही, आणि जात मूळची उरली नाही.

काठावर बसून हे कोणालाही दिसलं नसतं. रोज भरपूर मासा लागतोय, मग नदी चांगलीच आहे, असंच सगळे म्हणाले असते. वही होती म्हणून खरं कळलं. आणि तो मूळचा मासा इतका दुर्लक्षित, की त्याचं शास्त्रीय नाव कोणतं हे २०१८ साली पक्कं झालं. त्याच वर्षी 'नष्ट होण्याच्या अगदी काठावर' असलेल्या जिवांच्या जागतिक यादीत तो गेला.

बेणं कुठलं, हे विचारा

हा निळ्या परांचा पाहुणा कावेरीत आला कुठून? इथे गोष्ट आपल्या दारात येते. तो आपल्याकडचा मासा. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची नोंद करताना त्याला 'खुद्री' असं इथलंच नाव दिलं. पुढे धरणं झाली, सुरुंग लावून मासे मारणं सुरू झालं आणि तो घटू लागला. तेव्हा लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात त्याचं बीज तयार करण्याचं केंद्र चालवलं. मत्स्यतज्ज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचं काम त्यामागे होतं. मोठं काम, यात शंका नाही. सह्याद्रीतल्या पाण्याला त्याचा उपयोग झाला. पण तेच बीज देशाच्या इतर भागांतही पाठवलं गेलं, त्यात कावेरीही आली. हेतू चांगलाच होता. मात्र तिथला महसीर वेगळा, ही ओळख तेव्हा कोणाला पटलेली नव्हती. मूळचा मासा मागे पडला त्याला सुरुंग, धरणं, वाळूउपसा ही कारणं सांगतात. पण अभ्यासकांचा मोठा संशय या बाहेरून सोडलेल्या बीजावर आहे.

आपण ऊसवाले. बेणं कुठल्या मळ्यातलं, किती महिन्यांचं, निरोगी की काणी लागलेलं, हे विचारल्याशिवाय सरीत टाकत नाही. मग तलावात बोटुकली सोडताना कोणी हा प्रश्न का विचारत नाही? चिलापी १९५२ साली भारतात आणली. आज उजनीच्या काठी ती ताटोताट दिसते आणि जुने लोक ज्या माशांची नावं सांगतात ते शोधावे लागतात. अंगणातल्या शेततळ्यात मजा म्हणून आणलेला परका मासा पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला लागतो, आणि मग तो परत बोलावता येत नाही.

कावेरीच्या गोष्टीचा शेवटही सांगितला पाहिजे. अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, असं ठरून २०१२ च्या सुमारास शिबिरांतला गळ थांबला. कायद्याची बाजू आम्ही नाकारीत नाही. पण गळाबरोबर वाटाड्यांचा रोजगार थांबला, त्यांची डोहांवरची ये-जा थांबली आणि वहीही थांबली. चोरून मारणाऱ्यावर डोळा ठेवायला जी माणसं काठावर होती, ती घरी गेली.

आपल्या पाण्यावर काय करता येईल?

पहिली गोष्ट, तलाव मोकळा नसतो. मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. ती आपल्यासारखीच भागधारकांची संस्था. तिच्या परवानगीशिवाय गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या फडातला ऊस मोडणं. एखाद्या तलावावर गळाचा दिवस भरवायचाच, तर त्या संस्थेला बरोबर घेऊन, वाटाडे तिचेच सभासद ठेवून, परवान्याचे पैसे तिच्या खात्यात जमा करून भरवावा.

दुसरी गोष्ट, मे महिन्यातला शेवटचा डोह. कटला, रोहू, मृगळ हे साठवलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून त्यांचं बीज बाहेरून आणून सोडता येतं. १९५७ साली कटकला डॉ. हिरालाल चौधरी यांनी टोचणी देऊन वीण घडवून आणली तेव्हापासून ती सोय झाली. पण मरळ, वाम आणि असल्या गावठी माशांचं बीज आपण कुठून आणणार? त्यांची आई त्या शेवटच्या डोहातच असते. उभा ऊस वाळताना मोटार बंद ठेवा, असं सांगणं सोपं नाही, हे आम्ही जाणतो. तरी ओढ्यावरचा एखादा डोह गावाने ठरवून राखला, तर चालू शकतं. महाडजवळ वाळणकोंडला देवीचा डोह म्हणून लोकांनी महसीर पिढ्यान्पिढ्या राखला आहे. तिथे पहारेकरी लागला नाही, गावाचा शब्द पुरला.

तिसरी गोष्ट थोडी कडू आहे, पण कारखान्याच्या पत्रिकेनेच ती बोलावी. मळीचं पाणी ओढ्यात गेलं, की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि सकाळी पांढऱ्या पोटाचे मासे तरंगतात. उन्हाळ्यात मुळात हवा कमी. तेव्हा थोड्या पाण्यानेही घात होतो. जे पाणी माशाला मारतं तेच खाली आपल्या विहिरीत झिरपतं आणि गुरांच्या तोंडी लागतं. 'मासे मेले तर मेले' असं म्हणणाऱ्या सभासदाने आपल्या गोठ्याकडे एकदा बघावं. हा प्रश्न सर्वसाधारण सभेत विचारायचा सभासदांना हक्क आहे, आणि कोणत्याही कारखान्याने त्याचं उत्तर द्यायला हवं.

चौथी गोष्ट सगळ्यांत स्वस्त. एक वही. आपल्या उसाची नोंद होते, लागणीची तारीख लागते, वजनकाट्याची पावती आपण जपून ठेवतो. कारण नोंद नसेल तर आपलं कोणी ऐकत नाही, हे आपल्याला अनुभवाने कळलं आहे. पाण्याचंही तसंच आहे. गळ टाकायला जाणाऱ्या पोरांना रागावण्यापेक्षा त्यांच्या हातात शंभर पानी वही द्या. तारीख, जागा, किती तास बसला, कोणता मासा, अंदाजे वजन, पाणी किती उतरलं, सोडला की आणला. काहीच मिळालं नाही तर तेही लिहायचं. रिकामा दिवस ही सुद्धा नोंदच आहे. माशाचं नाव ठाऊक नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं. त्या निमित्ताने विसरत चाललेली नावं तरी कागदावर येतील.

पाच वर्षांनी ती वही उघडली, की आपल्या तलावात काय वाढलं आणि काय संपत आलं, हे आपलं आपल्यालाच कळेल. शाळेला सुट्टी आहे, तलाव जवळ आहे, आणि वहीला अनुदान लागत नाही.