लघु यंत्रशाळेसाठी सीएनसी मिलिंग यंत्राची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :

१९५२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत अंकीय नियंत्रणावर चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. विमानाचे गुंतागुंतीचे भाग अचूक घडविणे हा त्यामागील हेतू होता. त्या काळी केवळ संरक्षण उद्योगाला परवडणारे हे तंत्र संगणकाच्या जोडीने सीएनसी या नावाने पुढे सर्वत्र पसरले. कोल्हापूर परिसरातील शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत फौंड्रीतून येणाऱ्या बिडाच्या कास्टिंगवर जॉबवर्क करणाऱ्या लहान यंत्रशाळाही आज उभ्या मशिनिंग सेंटरचा, म्हणजेच व्हीएमसीचा, वापर करतात.

मोठ्या कारखान्यात एक यंत्र चुकीचे निवडले गेले तर तो तोटा इतर यंत्रांच्या उत्पन्नातून भरून निघतो. लघु उद्योजकाचे पहिले यंत्र मात्र बहुधा कर्जाचे असते आणि तारण म्हणून अनेकदा घर किंवा शेती दिलेली असते. म्हणूनच ही निवड तांत्रिक तसेच आर्थिक स्वरूपाची ठरते. यंत्राच्या माहितीपत्रकापासून सुरुवात न करता घडवावयाच्या वस्तूपासून मागे येत निवड कशी करावी, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. वस्तूचा आकार आणि यंत्राची जागा :

टेबलाची लांबी-रुंदी पाहून यंत्र पुरेसे आहे असे ठरविणे ही नेहमी आढळणारी चूक होय. खरी अडचण उंचीची असते. समजा, पंपाच्या हाउसिंगची उंची २०० मि.मी., त्याखालील फिक्स्चरची १५० मि.मी. आणि होल्डरसह ड्रिलची लांबी २०० मि.मी. आहे. या तिन्हींची बेरीज ५५० मि.मी. होते. त्यावर हत्यार मागे घेण्यास मोकळी जागा लागते ती वेगळीच. टेबलापासून स्पिंडलच्या नाकापर्यंतचे कमाल अंतर याहून अधिक नसल्यास टेबल कितीही मोठे असले तरी काम बसत नाही.

वस्तूच्या किती बाजूंवर काम आहे, हा पुढचा प्रश्न. चार बाजूंना छिद्रे असणारे हाउसिंग तीन अक्षांच्या यंत्रावर चार वेळा बांधावे लागते आणि प्रत्येक वेळी थोडी चूक वाढते. अशा कामास फिरते टेबल, म्हणजे चौथा अक्ष, उपयुक्त ठरतो. सपाट प्लेटचेच काम असेल तर त्यावर केलेला खर्च पडून राहतो.

२. वेग की बळ :

स्पिंडलचे कमाल फेरे हा जाहिरातीतील आवडता आकडा आहे. मिनिटाला किती फेरे लागतात हे १००० × छेदनवेग ÷ (३.१४ × कटरचा व्यास) या सूत्राने काढता येते. बिडावर ८० मि.मी. व्यासाचा फेस मिलिंग कटर मिनिटाला १५० मीटर वेगाने चालवावयाचा असल्यास सुमारे ६०० फेरे पुरतात. याउलट ॲल्युमिनिअमवर १० मि.मी.चा एन्डमिल २५० मीटर वेगाने चालविण्यास सुमारे ८००० फेरे लागतात. मुख्यतः बिडाचे काम करणाऱ्याने १२००० फेऱ्यांच्या स्पिंडलसाठी जादा रक्कम मोजणे त्यामुळे फारसे हिताचे नसते.

मोटारीच्या शक्तीबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. ७.५ किलोवॅटची मोटार पूर्ण शक्ती एका ठरावीक फेऱ्यांपासून पुढेच देते. ती मर्यादा १५०० फेरे असेल आणि मध्ये गिअर नसेल, तर ६०० फेऱ्यांना प्रत्यक्षात ३ किलोवॅटच मिळतात. वरील कटरने ६० मि.मी. रुंद आणि ३ मि.मी. खोल काप मिनिटाला सुमारे ५४० मि.मी. सरक ठेवून घेतल्यास जवळजवळ २ ते २.५ किलोवॅट खर्च होतात. म्हणजे शिल्लक फारच थोडी उरते. यासाठी विक्रेत्याकडून स्पिंडलचा शक्ती-फेरे आलेख मागून घेणे इष्ट होय.

जड कापासाठी कंपन शोषणारे बॉक्स मार्ग, तर जलद हालचालीच्या हलक्या कामासाठी लिनिअर मार्ग सामान्यतः सोयीचे असतात. बिडाची बारीक भुकटी मार्गांवर घासत असल्याने त्यांची आवरणे व वायपर उत्तम दर्जाचे असावेत.

३. अचूकतेचे आकडे :

दोन यंत्रांच्या अचूकतेचे आकडे एकाच मानकानुसार मोजलेले असतील तरच त्यांची तुलना करता येते. जपानी जेआयएस, जर्मन व्हीडीआय आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ २३०-२ यांच्या पद्धती भिन्न असल्याने एकाच यंत्राचे आकडे वेगवेगळे येऊ शकतात. शिवाय पोलादी बॉलस्क्रू १० अंश सेल्सिअसने तापल्यास ५०० मि.मी. लांबीत तो सुमारे ५५ ते ६० मायक्रॉन वाढतो. काही यंत्रांत ही वाढ भरून काढण्याची योजना असते. ती आहे की नाही हे विचारून घ्यावे. पत्र्याच्या छताखाली दुपारी तापणाऱ्या शेडमध्ये केवळ कागदावरील मायक्रॉनवर विसंबून राहता येत नाही.

४. किंमत नव्हे, यंत्र-तास दर :

परिव्यय लेखाशास्त्रातील यंत्र-तास दराची संकल्पना येथे मार्गदर्शक ठरते. उदाहरणादाखल, यंत्र ३० लाख रुपयांचे, त्याचे आयुष्य १० वर्षे आणि सरासरी १५ लाखांवर १० टक्के व्याज असे गृहीत धरू. घसारा ३ लाख व व्याज १.५ लाख मिळून वार्षिक भार ४.५ लाख रुपये होतो. ३०० दिवस, आठ तासांची एक पाळी आणि ७० टक्के वापर धरल्यास १६८० तास भरतात व तासाला सुमारे २६८ रुपये पडतात. दोन पाळ्यांत हाच भार १३४ रुपयांवर येतो. मजुरी, वीज, हत्यारे व देखभाल यांत धरलेली नाही. यावरून स्वस्त यंत्रापेक्षा न थांबणारे यंत्र अधिक किफायतशीर असते, हे स्पष्ट होते.

होल्डर, कटर, फिक्स्चर, काँप्रेसर, स्टॅबिलायझर, अर्थिंग आणि पाया यांची तरतूद कर्जाच्या प्रस्तावातच असावी. ती नसल्यास यंत्र येऊनही काम सुरू होत नाही आणि हप्ता मात्र सुरू होतो.

५. माणूस आणि सेवा :

परिसरातील ऑपरेटर व सेटर ज्या कंट्रोलरवर शिकले आहेत, तोच कंट्रोलर निवडणे व्यवहार्य असते. फॅनुक, सीमेन्स किंवा मित्सुबिशी यांपैकी श्रेष्ठ कोणता, यापेक्षा तो चालविणारा आणि दुरुस्त करणारा माणूस किती वेळात उपलब्ध होतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जुने यंत्र घेताना स्पिंडलचा रनआउट आणि अक्षांतील बॅकलॅश मोजावा, तसेच कंट्रोलरचे सुटे भाग मिळतात का, याची खात्री करावी.

निष्कर्ष :

आधी काम, मग हत्यार, त्यानंतर स्पिंडल आणि शेवटी यंत्र हा निवडीचा योग्य क्रम होय. अंतिम रक्कम देण्यापूर्वी स्वतःचेच कास्टिंग त्या यंत्रावर करून पाहावे, लागलेला वेळ नोंदवावा आणि सलग काही नग मोजावेत. यंत्र अभियांत्रिकी आणि वाणिज्य या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या जवळच्या यंत्रशाळेसाठी अशी निवड एकत्रितपणे करून पाहिली, तर सूत्राचा आणि खातेवहीचा संबंध त्यांना प्रत्यक्ष कळेल. त्या यंत्रशाळेच्या मालकालाही सही करण्यापूर्वी एक निःपक्षपाती हिशोब हाती मिळेल.