अपंग कलावंत आणि रंगभूमी : टाळ्यांपलीकडचे बळ

नाटक म्हटले की नेपथ्य, प्रकाशयोजना, हावभाव आणि नजरेचा खेळ डोळ्यांसमोर येतो. यातील काहीही ज्याने कधी पाहिलेले नाही, त्याला रंगभूमी काय देऊ शकेल, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष प्रयोगांतून मिळाले आहे. मात्र हे प्रयोग प्रामुख्याने शहरांत झाले. बीड जिल्ह्यातील तलवाड्यासारख्या गावात वाढणाऱ्या अपंग मुलापर्यंत ते कसे पोहोचावेत, हा प्रश्न अजून उरलाच आहे.

अंध कलावंतांच्या मराठी नाटकांत दिग्दर्शक स्वागत थोरात यांचे काम महत्त्वाचे आहे. 'स्वातंत्र्याची यशोगाथा' या नाटकात त्यांनी 88 अंध कलाकारांना रंगमंचावर आणले. पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' त्यांनी 44 अंध कलावंतांना घेऊन बसविले. 2010 नंतरच्या दशकात रंगमंचावर आलेल्या 'अपूर्व मेघदूत' या नाटकात 19 अंध कलाकार होते. 2008 मध्ये सुरू झालेले 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल लिपीतील मराठी पाक्षिकही थोरात यांचेच.

तालमीत काय घडते?

अंध कलावंताचे पहिले शिक्षण पाठांतराचे नसते. संवाद ब्रेलमधून किंवा ध्वनिमुद्रणावरून पाठ करता येतात. खरी कसोटी हालचालींची असते. किती पावले चालायचे, कोठे वळायचे, रंगमंचाची कड कोठे संपते, हे पावले मोजून, पायाखालच्या सतरंजीच्या स्पर्शावरून आणि सहकलाकाराच्या आवाजाच्या रोखाने ठरवावे लागते.

त्याहून अवघड असतात ते हावभाव. जन्मांध व्यक्तीने राग आल्यावर कोणी हात कसा उगारतो, लाजताना मान कशी झुकते, हे पाहिलेले नसते. दिग्दर्शकाला हात धरून, खांद्याला स्पर्श करून ही देहबोली शिकवावी लागते. हे शिक्षण नाटकापुरते राहत नाही. बोलणाऱ्याकडे चेहरा वळविणे, ताठ उभे राहणे, आवाज मोजूनमापून वापरणे या गोष्टी मुलाखतीत, नोकरीत आणि चारचौघांतही उपयोगी पडतात.

कर्णबधिर कलावंताला ध्वनीऐवजी प्रकाशाची किंवा स्पर्शाची खूण लागते. चाकाच्या खुर्चीवरील कलावंताला उतार लागतो. प्रेक्षागृहात उतार असला तरी रंगपट व रंगमंचाकडे जाण्यासाठी पायऱ्याच असतील, तर त्याची वाट प्रयोगापूर्वीच अडते.

कौतुक की कीव?

नाटकाचा सर्वांत खोल परिणाम नात्यांवर होतो. घरात आणि शाळेत अपंग मुलाला बहुधा मदत घेणाऱ्याचीच भूमिका मिळते. नाटकात त्याच्यावर इतर अवलंबून असतात. त्याने संवाद चुकविला तर समोरच्याचा प्रवेश कोलमडतो. ही जबाबदारी त्याला कदाचित आयुष्यात प्रथमच मिळालेली असते.

म्हणूनच प्रेक्षकांच्या कीवेने हा परिणाम पुसला जाऊ शकतो. 'बिचाऱ्यांनी किती छान केले' असे म्हणणारा प्रेक्षक त्या कलावंताला पुन्हा जुन्याच जागी नेऊन बसवितो. ब्रिटनमध्ये 1980 साली स्थापन झालेल्या 'ग्रेआय' या नाट्यसंस्थेने अपंग नटांना व्यावसायिक नट म्हणून उभे केले. आपल्याकडेही समीक्षकाने उच्चार, लय आणि भूमिकेची समज यांवर नेमके बोट ठेवले, तर तोच त्या कलावंताचा खरा सन्मान ठरेल.

गावाकडची वाट

2011 च्या जनगणनेनुसार राज्यात 29 लाखांहून अधिक अपंग व्यक्ती होत्या. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्क मान्य केला. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या नाट्यस्पर्धांत दिव्यांग बालनाट्यालाही स्थान मिळाले. मात्र अशा स्पर्धेपर्यंत मूल पोहोचते ते बहुधा एखाद्या विशेष शाळेमार्फत.

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरितादेवीच्या मंदिरामुळे परिचित गाव. बीड जिल्ह्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. अशा कुटुंबातील अपंग मुलाला आजी-आजोबांपाशी ठेवावे लागते किंवा फडाजवळच्या कोपीत सोबत न्यावे लागते. महिनोन्महिने चालणारी तालीम त्याच्या वाट्याला कशी येणार? निवासी शाळा मिळाली तर दार उघडते. पण शाळा संपली की रंगमंचही बहुधा सुटतो.

यावर उपाय गावातच शोधता येईल. भारूड, गोंधळ, कीर्तन या मराठवाड्याच्या ओळखीच्या कलांना मोठे नेपथ्य लागत नाही. आवाज, ताल आणि श्रोत्यांशी थेट संवाद हे त्यांचे बळ आहे. गावातील शाळेने आणि हौशी मंडळींनी अपंग मुलाला प्रेक्षकांतून उठवून भारुडातील एक सोंग दिले, तरी सुरुवात होईल. त्यासाठी नाट्यगृहाची वाट पाहण्याचे कारण नाही. हवी असते ती त्याच्यावर विश्वास टाकून नियमित तालीम घेणारी माणसे आणि चुकल्यास पुन्हा करावयास सांगण्याइतका मोकळेपणा.