अकोल्याचे ४४ अंश आणि मुंबईचे ३३

उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा मुंबई पाहावी असे तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेल. अमरावती, बडनेरा किंवा अकोल्याहून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी मुंबई! शयनयान डब्याचे तिकीट, नातेवाइकांकडे मुक्काम, आईने बांधून दिलेल्या दशम्या आणि शहरात पायी किंवा लोकलने हिंडणे; खर्च बेताचाच. मग अडचण कोठे येते? ती येते हवेत!

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी सात-आठ विद्यार्थ्यांना घेऊन मुंबईस गेलो होतो. निघताना अकोल्याचा पारा ४४ अंश सेल्सिअसवर होता. मुंबईत तो ३३ होता. "सर, अकरा अंशांनी थंड! दिवसभर चालू," असे म्हणत मुले निघाली. दुपारी एकच्या सुमारास त्यातला एक जण फूटपाथवरच मटकन खाली बसला. त्याचे डोके गरगरत होते. चौकशी केली तेव्हा कळले, की बाटलीचे पाणी विकत घ्यायला नको म्हणून सकाळपासून तो दोनच घोट पाणी प्यायला होता. त्याला सावलीत निजवले, अंग ओल्या कापडाने पुसले, घोट घोट पाणी दिले. अर्ध्या तासात तो सावरला. पण चूक माझी होती. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याने पारा पाहिला आणि हवेतील बाष्प पाहिले नाही!

घाम येणे आणि घाम वाळणे

आपले शरीर हे एक इंजिनच आहे. भरभर चालताना ते सेकंदाला सुमारे ३०० जूल उष्णता निर्माण करते. म्हणजे तासाला जवळजवळ ११ लाख जूल. ही उष्णता बाहेर टाकली नाही तर शरीराचे तापमान वाढू लागेल. घामाचे एक ग्रॅम पाणी त्वचेवर वाळते तेव्हा ते सुमारे २,४०० जूल उष्णता घेऊन जाते. भागाकार करून पाहा. तासाला साधारण ४५० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर घाम वाळला पाहिजे. 'वाळला' हा शब्द महत्त्वाचा आहे. हनुवटीवरून टपकलेला घाम शरीरातले पाणी आणि मीठ नेतो. उष्णता मात्र फारशी नेत नाही.

घाम किती लवकर वाळेल हे त्वचेजवळच्या आणि हवेतील बाष्पदाबाच्या फरकावर अवलंबून असते. त्वचेचे तापमान ३५ अंश धरले, तर ओल्या त्वचेशी बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ४२ मिलिमीटर इतका असतो. अकोल्याच्या दुपारी तापमान ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर हवेतील बाष्पदाब भरतो सुमारे १० मिलिमीटर. फरक ३२ चा. मुंबईत तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर तो भरतो सुमारे २५ मिलिमीटर. फरक उरला अवघा १७! म्हणजे घाम वाळवण्याची हवेची ओढ जवळजवळ निम्मी झाली. इगतपुरी सोडून गाडी कसारा घाट उतरू लागली की सदरा अंगाला चिकटू लागतो, त्याचे कारण हेच.

आपल्याकडे वाळ्याचे ताटे लावलेला कूलर खोली गार करतो आणि मडक्यातले पाणी दाताला लागते. मुंबईत मे महिन्यात दोन्हींचा जोर ओसरतो, कारण तेथे बाष्पीभवनच मंद असते.

वारा मित्र की शत्रू?

आता एक गंमत पाहा. वऱ्हाडात दुपारी आपण दारे-खिडक्या बंद करतो, डोक्याला आणि कानांना दुपट्टा गुंडाळतो. मुंबईकर मात्र खिडक्या सताड उघडतात. दोघेही शहाणेच! आपला वारा ४४ अंशांचा, त्वचेहून गरम. तो अंगाला उष्णता देतो. मुंबईचा वारा ३३ अंशांचा, त्वचेहून थंड. तो उष्णता नेतो आणि घामही वाळवतो. म्हणून अकोल्यात वारा अडवा, मुंबईत वारा शोधा. हा वारा फुकट मिळतो.

दिवसाची आखणी

हे समजले की पैसे न खर्चता दिवस आखता येतो. सकाळी गाडीतून उतरताच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत पाहा आणि दहापर्यंत गेटवे ऑफ इंडिया व ओव्हल मैदानाचा परिसर पायी हिंडा. मुंबईत १५-१६ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आगेमागे सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा उभ्या भिंतीची सावली पडत नाही, छप्परच हवे. दादाभाई नौरोजी मार्गावरील जुन्या इमारतींखालून जाणारा कमानींचा रस्ता त्या वेळी कामास येतो. बारा ते चार ही वेळ छताखाली काढा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा वरळीचे १९८५ साली सुरू झालेले नेहरू विज्ञान केंद्र यांत चार तास सहज जातात. शाळेचे ओळखपत्र जवळ ठेवा आणि सवलतीची चौकशी करा.

जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. जमिनीवरची तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून वारा येतो. तो घेण्यासाठी पाच वाजता मरीन ड्राइव्हवर जाऊन बसा.

लोकलने जाताना गर्दीची वेळ टाळा. स्वस्थ बसलेला माणूसही सेकंदाला सुमारे १०० जूल उष्णता बाहेर टाकतो. डब्यात ३०० माणसे कोंबली, तर ३० किलोवॅटची शेगडीच पेटली म्हणायची! शिवाय प्रत्येकाच्या घामाचे बाष्प असतेच. वाऱ्यासाठी खिडकी गाठा. दारात मात्र कधीही लटकू नका.

येथे काटकसर नको

पाण्यात मात्र काटकसर करू नका. घरून मोठी बाटली न्या, नातेवाइकांकडे ती भरून घ्या आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पीत राहा. फार घाम गेला, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून प्या. चमचा चहाचा घ्या. खिशात कांदा ठेवून ऊन लागायचे थांबत नाही. एखादा सोबती असंबद्ध बोलू लागला, त्याचे अंग तापले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

निघण्यापूर्वी एक प्रयोग करा. शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन तापमापक मागून घ्या. एकाच्या फुग्याला ओले सुती कापड गुंडाळा आणि दोन्ही पंख्याखाली टांगा. वर घेतलेल्या अकोल्याच्या दुपारी ओला तापमापक २३ अंशांच्या आसपास उतरेल. मुंबईच्या हवेत तो २७-२८ वरच अडेल. कोरडा पारा मुंबईला थंड ठरवतो, ओला अकोल्याला! तुमचे घामेजलेले शरीर यांपैकी कोणत्या तापमापकासारखे आहे, ते आता तुम्हीच सांगा.